बाटलीचा मुक्काम

बाटल्यांचा सुकाळ आमच्याकडे आषाढात व्हायचा आणि त्यांची गरज लागायची चैत्रात. शाळा फलटणच्या पूर्वेला, पालखीमार्गापासून थोडी आत. माउलींची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून बरडकडे निघाली की रस्त्याच्या कडेनं पाणीवाटपाचे मंडप लागत. कुणी टँकर उभा करी, कुणी बाटल्यांची खोकीच्या खोकी रिकामी करी. पालखी पुढे नातेपुत्याकडे सरकली की आमची पोरं पोती घेऊन रस्त्यावर हजर. त्यात पर्यावरणप्रेम वगैरे काही नव्हतं. भंगारवाल्याच्या आधी पोचायची शर्यत होती, आणि बहुतेक वेळा तोच जिंकायचा.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत सगळे सगळंच शिकवतात, पण कार्यानुभव आणि परसबाग ही दोन खाती शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली. सातारा जिल्हा म्हटला की लोकांना महाबळेश्वर आठवतं. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आम्ही त्याच जिल्ह्यातले, आमच्या वाट्याला पाचशेच्या आसपास. नीरा उजव्या कालव्याखालची गावं उसानं हिरवीगार, आणि आम्ही कालव्याच्या वरच्या अंगाला. शाळेच्या आवारात मुरूम, त्यावर कुणीतरी कधीकाळी टाकलेला काळ्या मातीचा थर. पावसाळ्यात झाडं लावायला हौशे-नवशे सगळे येतात, फोटो निघतात. फेब्रुवारी उजाडला की झाडं मास्तरांची.

गावातली जुनी पद्धत मडक्याची. बुडाशी बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घालायची, किंवा नुसतंच कच्चं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरायचं. मडक्याची भिंत पाझरते आणि माती कोरडी असेल तितकंच पाणी ओढून घेते. माती ओली असली की पाझर आपोआप मंदावतो. इतकं शहाणं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. पण मडक्याला पैसे पडतात, पोरांच्या क्रिकेटमध्ये ते फुटतं, आणि उन्हाळ्यात कुंभाराकडून आणलेलं मडकं झाडाला द्यायचं म्हटलं की घरच्या बायका डोळे वटारतात. बाटली आली ती या मडक्याच्या जागी.

बाटली उलटी करून, बुचाला भोक पाडून रोपाशेजारी खोचायची, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं खरं वागणं मात्र मातीवर ठरतं. मुरमात खोचलेली बाटली तासाभरात रिकामी. काळ्या मातीत खोचली तर तोंडाशी चिखलाचा गोळा बसतो आणि दोन दिवसांनी बघावं तर बाटली जशीच्या तशी भरलेली, रोप मात्र माना टाकलेलं. बुचावर जुन्या सुती साडीची चिंधी दोरीनं बांधली की हे बंद होतं. दुसरी भानगड हवेची. वर आलेल्या बुडाला भोक नसेल तर पाणी बाहेर पडताना आत पोकळी होते, बाटली गालफडं बसल्यासारखी आत ओढली जाते आणि पाणी थांबतं. भोक पाडलं तर पाणी मोकाट सुटतं. या दोन टोकांमध्ये काय करायचं, यावर आमची बरीच खटपट झाली.

शेवटी जी पद्धत टिकली ती उलट्या बाटलीची नव्हतीच. दोन लिटरची बाटली सरळ, तोंड वर ठेवून, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायची. पुरण्याआधी खालच्या निम्म्या भागात, रोपाकडच्या बाजूला, तापवलेल्या दाभणानं चार-पाच भोकं. चिंधी याही बाटलीला लागते, तिच्याभोवती गुंडाळायची. भरून झालं की बूच लावायचं, आणि खरी कळ या बुचात आहे. बूच घट्ट लावलं तर हवा आत शिरत नाही, पाणी जवळजवळ थांबतं. अर्धा फेरा सैल केलं की पाझर सुरू. मुरमाच्या खड्ड्यात जवळजवळ घट्ट, काळ्या मातीत जरा सैल, असा प्रत्येक झाडाचा हिशोब पोरांनी लावला. हवेच्या दाबाचा धडा पाचवी-सहावीला शिकवताना मी पेला आणि पुठ्ठ्याचा प्रयोग कधीच सोडून दिला होता. बुचाचा अर्धा फेरा पुरे व्हायचा.

पुरलेल्या बाटलीचा आणखी एक फायदा म्हणजे पाणी वरच्या मातीत जात नाही. वर टाकलेल्या पाण्यातलं बरंचसं एप्रिलचं ऊनच पिऊन टाकतं, आणि मुळं वरच्या ओलीच्या आशेनं वरच राहतात. खाली ओल मिळाली की मुळं खाली उतरतात. शिवाय पुरलेली बाटली तापत नाही, उन्हात उघडी ठेवलेली दुपारी हात लावू देत नाही.

भरायला पाणी कुठलं? शाळा सुटताना प्रत्येकाच्या पिण्याच्या बाटलीत घोट-दोन घोट उरलेलं असतं. ते रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर उडवायचं, ही आमच्याकडची परंपरा. ते आपापल्या झाडाच्या बाटलीत ओतायचं, असा नियम झाला. पोषण आहाराचे तांदूळ धुतलेलं पाणी स्वयंपाकाच्या काकू बादलीत धरून ठेवायच्या. ते गाळून घ्यावं लागे, नाहीतर भोकं बुजतात आणि वास सुटतो. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्या पोरांच्या पाळ्या. पाळी चुकवणारे होतेच. पण दोन लिटर एकदा भरले की दोन-तीन दिवस निभायचे, म्हणून एखादी पाळी चुकली तरी झाड मरत नसे. कडुनिंब, करंज, शेवगा, चिंच जगले. पपई फार पाणी मागते, ती या पद्धतीवर नाही निभली. करंजाला शेळी सहसा तोंड लावत नाही, हा त्यातला बोनस.

बाटल्यांचाही स्वभाव असतो. पालखीत जमणाऱ्यांत एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या सर्वांत जास्त, आणि बागेसाठी सर्वांत कुचकामी. त्यांची भिंत इतकी पातळ की मातीचा दाब बसला की चेपतात. कोल्ड्रिंकची बाटली वेगळी. तिला वायूचा दाब सोसायचा असतो, म्हणून भिंत जाड आणि बूड पाच पायांचं. हे पाच पाय शोभेचे नाहीत, दाबानं बूड फुगून बाहेर येऊ नये म्हणून ती घडण. म्हणून पालखीपेक्षा लग्नसराई आमच्या जास्त कामाची. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला दोन लिटरच्या बाटल्या खात्रीनं मिळत.

या बाटल्या ज्या पेट प्लास्टिकच्या असतात, त्यांची जन्मकथा पोरांना फार आवडे. कारखान्यात आधी बोटभर जाडीची, परीक्षानळीसारखी एक नळी तयार होते. तोंडाचे आटे तेवढे तिला तेव्हाच पडलेले असतात. मग ती तापवून साच्यात ताणतात आणि हवेनं फुगवतात. ताणल्यामुळे भिंत पातळ आणि तरी मजबूत होते. कोल्ड्रिंकचा दाब सोसणाऱ्या अशा बाटलीचं पेटंट १९७३ साली नॅथॅनिएल वायेथ या ड्यूपाँटमधल्या अभियंत्याला मिळालं. चित्रकार अँड्र्यू वायेथचा हा थोरला भाऊ. ही कथा कामाची अशासाठी की ताणलेलं प्लास्टिक तापलं की पुन्हा आक्रसायला बघतं. बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती वेडीवाकडी होते ती यामुळेच. त्याचाच उपयोग करून घ्यायचा. कापलेल्या बाटलीची कड पात्यासारखी धारदार असते, पोरांची बोटं कापतात. ती कड मध्यम तापलेल्या इस्त्रीवर क्षणभर टेकवली की आत वळते आणि गुळगुळीत होते. हे काम खिडकीशी, मोठ्यांनी करायचं. गळा मात्र ताणलेला नसतो, तो जाडच राहतो; त्याला कात्री लागत नाही, करवतीचं पातं लागतं.

कापलेला गळा फेकायचा नाही. गव्हाच्या, डाळीच्या प्लास्टिक पिशवीचं तोंड त्या गळ्यातून आतून बाहेर ओढायचं, बाहेर उलटं वळवायचं आणि वरून बूच फिरवायचं. पिशवी पक्की बंद. काकूंना बागेतलं काहीच फारसं पटत नसे, पण ही युक्ती त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरी नेली. अख्ख्या बाटल्याही त्यांना हव्या असत, बियाण्यासाठी. दोडका, वाल, भोपळा, गवार यांचं बी उन्हात कडक वाळवून, थोडी राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बाटलीत बंद केलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत भुंगा लागत नाही. बी किंचित जरी ओलं असेल तर आतून बाटलीला घाम येतो. तो दिसला की लगेच ओतून पुन्हा उन्हात. डब्यात हा घाम दिसत नाही, बाटलीत दिसतो.

घरातल्या वापराबद्दल मी एका बाबतीत कडक आहे. पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत रॉकेल, फिनेल किंवा फवारणीचं औषध ठेवायचं नाही. वर चिठ्ठी चिकटवली तरी नाही. शेतकरी घरांत ही सवय सर्रास, आणि तहानलेलं पोर चिठ्ठी वाचत नाही. पालकसभेत इतर विषयांवर मी मवाळ असे, यावर नसे.

आता टाकाऊतून टिकाऊ. दर वर्षी केंद्रस्तरावर प्रदर्शन भरायचं आणि दर वर्षी त्यात बाटल्यांचे मोर यायचे. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर थर्माकोल हद्दपार झाला, मग तर सगळा भार बाटलीवरच आला. बाटली कापायची, तिला ऑइल पेंट मारायचा, वर चकमक, टिकल्या, लोकरीचे गोंडे, सगळं गोंदानं डकवायचं. परीक्षक कौतुक करायचे, आणि पुढचे आठ महिने तो मोर कपाटावर धूळ खायचा. मला सजावटीचं वावडं नाही. पण मोर करण्यात मुलाचे हात काय शिकतात, हा प्रश्न पडायचा. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून जी खेळणी केली, त्यांची गंमत अशी की ती हलतात, वाजतात, पाणी उपसतात. खेळणं मोडलं तरी त्यातलं तत्त्व पोराच्या हातात उरतं.

मोरांबद्दल शेवटचा निकाल दिला तो भंगारवाल्यानं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कपाटं रिकामी करताना मी त्याला बोलावलं. त्यानं साध्या बाटल्या चुरगळून पोत्यात भरल्या आणि मोरांचा ढीग पायानं बाजूला सारला.

“ह्यो माल न्हाय चालत, बाई.”

“का? प्लास्टिकच आहे की.”

“रंगीवलंय, डिंक लावलाय. पुढं कोण घेत न्हाय.”

त्याच्याकडून आणि मग इकडून-तिकडून वाचून मला या धंद्याची साखळी कळली. स्वच्छ, पारदर्शक पेटला भाव चांगला, हिरव्या-तपकिरीला कमी. पुढे कारखान्यात बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात टाकतात. पेट पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. बूच आणि वेष्टन वेगळ्या प्लास्टिकचं, ते तरंगतं. बुडालेल्या पेटचा पुढे पॉलिएस्टरचा धागा होतो. हा प्रयोग वर्गात बादलीत सहज होतो, आणि बुचाची चकती तरंगताना बघून मुलं हमखास चकित होतात. रंग आणि गोंद या सगळ्यात घाण करतात, म्हणून रंगवलेली बाटली कुणाला नको असते. म्हणजे मोर करून आम्ही बाटलीचं पुढचं आयुष्यच संपवत होतो. त्या उन्हाळ्यापासून माझ्या बागेत एक अट आली: बाटलीला रंग नाही, गोंद नाही, सिमेंट नाही. बांधायचं असेल तर दोरी. बागेत तिचा मुक्काम, आणि मुक्काम हलला की ती धुऊन पोत्यात जाण्याजोगी राहिली पाहिजे.

या अटीमुळे बऱ्याच कल्पना आपोआप गळाल्या. बाटल्यांत प्लास्टिकच्या पिशव्या ठासून विटा करायच्या, त्यांचं कुंपण घालायचं, अशी टूम मध्यंतरी आली होती. आम्ही केलं नाही. राहिल्या त्या साध्या, सुटसुटीत गोष्टी. थंडीत मिरची-टोमॅटोच्या रोपावर बूड कापलेली बाटली टोपीसारखी ठेवायची, दिवसा बूच काढायचं, रात्री लावायचं. मार्चनंतर हीच टोपी रोप शिजवते, तेव्हा काढून टाकायची. बुडाचा आणि गळ्याचा भाग काढून मधली नुसती गोल कडी रोपाभोवती खोचली की कोंबड्या उकरत नाहीत. गावातल्या बागेचा पहिला शत्रू कोंबडी, कीड नंतर. अर्ध्या बाटलीत मका नाहीतर मूग भिंतीला चिकटवून पेरला की मुळं काचेतून दिसावीत तशी दिसतात. बाहेरून काळा कागद गुंडाळायचा आणि बघण्यापुरता काढायचा, कारण मूळ उजेडापासून पळतं आणि उजेडात ओल्या बाटलीला हिरवं शेवाळ धरतं.

कुंपणावरच्या दोडक्या-कारल्यांना फळमाशी यायची. माशी कोवळ्या फळात अंडी घालते आणि कारलं आतून सडतं. कृषी सेवा केंद्रात क्यूल्युअरची वडी मिळते, वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीचे नर तिच्या वासावर येतात. आंबा-पेरूच्या माशीला मिथिल युजेनॉल लागतं; दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बागायतदारांना ठाऊक आहेच. आम्ही तोच नमुना बाटलीत उतरवला. वरच्या बाजूला बोट जाईल एवढी भोकं, आत तारेनं टांगलेली वडी, तळाशी साबणाचं पाणी. भोकं खाली पाडली तर साबणाचं पाणीच गळून जातं, हे लक्षात ठेवायचं. पडलेल्या माशा मोजायचं काम चौथीकडे दिलं होतं, गणिताच्या तासाला आकडे आयते मिळायचे. या सापळ्यानं सगळी माशी संपत नाही. किडकी फळं तोडून खोल पुरली नाहीत तर सापळा नुसता शोभेचा.

साचलेलं पाणी ही बाटलीच्या बागेची सर्वांत मोठी जोखीम आहे, आणि सुंदर फोटो टाकणारे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. भिंतीवर आडव्या टांगलेल्या बाटल्यांच्या कुंड्या छान दिसतात. पण निचऱ्याचं भोक बुजलं की प्रत्येक कुंडी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं पाळणाघर. एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीवर. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. आरोग्यसेवक बॅटरी घेऊन गावात कंटेनर तपासायला यायचे, तेव्हा पहिली चक्कर शाळेच्या बागेत मारायचे. मला त्याचा राग येत नसे. आडव्या कुंड्या आम्ही लवकरच काढल्या. पुरलेल्या बाटल्यांना बूच असतं, त्यामुळे त्या सुरक्षित. पावसाळा लागला की त्याही उपटून घ्यायच्या.

उपटताना अंगठ्यानं दाबून बघायचं. नुसती लवली तर पुढच्या वर्षी चालेल. कडकड वाजली, पांढऱ्या रेघा उमटल्या, तर उन्हानं ती ठिसूळ झाली. आणखी एक उन्हाळा ठेवली तर तिचा चुरा मातीत मिसळेल आणि तो मातीतून कधीच वेचून काढता येणार नाही. अशी बाटली सरळ पोत्यात. जमिनीत गाडलेला भाग बराच टिकतो, उन्हातला गळा आधी जातो.

अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत अंधार असायचा. ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझर नावाच्या मेकॅनिकनं २००२ साली, वीज सारखी जायची त्या काळात, पाण्यानं भरलेली बाटली छपरात बसवून खोलीत उजेड आणला. पाण्यात दोन बुचं ब्लीच, म्हणजे शेवाळ धरत नाही. ऊन बाटलीवर पडतं, पाण्यात वळतं आणि खोलीभर पसरतं. चाळीस ते साठ वॅटच्या दिव्याइतकं. फिलिपीन्समध्ये नंतर झोपडपट्ट्यांत अशा असंख्य बाटल्या बसल्या. आम्ही एक बसवली. पोरांनी लगेच तिचं ‘दिवसाची लाइट’ असं नाव ठेवलं आणि रात्री चालत नाही म्हणून तिची टिंगलही केली. पत्र्याला भोक पाडल्यामुळे पावसाळ्यात ठिबकू नये म्हणून कडेनं लावलेलं मेण दर वर्षी नव्यानं भरावं लागे. दुपारी खुरपं शोधायला कंदील न्यावा लागत नसे, एवढं खरं.

निवृत्तीनंतर मी फलटणमध्येच राहते. गच्ची आहे, वीसेक कुंड्या आहेत. शेजारच्या बायका अजून बाटल्यांच्या पिशव्या आणून देतात, “बाई, तुम्ही काहीतरी कराल याचं.” मी पिशवी उपडी करते. दोन लिटरच्या, जाड भिंतीच्या निवडून घेते, गळे कापायला दोन-चार ठेवते. बाकीच्यांची वेष्टनं सोलून, चेपून, पुन्हा त्याच पिशवीत भरून त्यांच्या हातात देते आणि भंगारवाला कुठल्या वारी येतो ते सांगते. सुरुवातीला त्यांना हे विचित्र वाटलं. आता बहुतेक जणी निवडूनच आणतात. गेल्या आठवड्यात एकीनं विचारलं, लहान दोनशे मिलिलिटरच्या बाटल्यांचं काय करायचं. लग्नात त्याच जास्त उरतात. मी म्हटलं, त्यांचं काही होत नाही, पुढच्या कार्याला तांब्या-भांडं आणि जार ठेवा.

“मग पाहुणे काय म्हणतील?” त्या म्हणाल्या.

त्यांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. जारवाल्याचा नंबर मी देऊन ठेवलाय.